मापाचे बूट

बर्ल स्टँपरला राग यायला एरवीही फारसं निमित्त लागत नसे. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरात त्याचं जोडे शिवण्याचं दुकान होतं. तिथे जोडा दुरुस्तीला टाकायचा तर आधी शिव्या खाव्या लागत, मग जोडा मिळे. पण मिळाला की पुढची सहा वर्षं त्याच्याकडे बघावं लागत नसे. एका बाजूने झिजलेली टाच दिसली की बर्ल गिऱ्हाइकाला विचारी, "चालता की नांगर ओढता?" पाद्री असो, शाळेतली बाई असो, खाणीतला मजूर असो, कुणाची गय नाही. माप मात्र असं घ्यायचा की जोडा पायात गेला की पायाचाच होऊन जाई. त्याच्या बापाने आणि आजोबाने आयुष्यभर हेच केलं होतं. स्टँपरांच्या तोंडाबद्दल गावात कुणीही काहीही बोलत असे, पण त्यांनी मापाबाहेरचा जोडा दिला असं तीन पिढ्यांत कुणी बोललं नव्हतं.

हा माणूस दुसऱ्या महायुद्धात, सदतिसाव्या वर्षी फौजेत गेला. वय आणि धंदा बघून त्याला एका पायदळ कंपनीचा सामान-सार्जंट केलं. एकशे ऐंशी माणसं, त्यांची कांबळी, शर्ट, मोजे, बूट, सगळं बर्लच्या हवाली. हाताखाली इयाकोनो नावाचा एक कॉर्पोरल, न्यूयॉर्कच्या गोदीवरचा, तोंडाला कुलूप नसलेला. दोघांचं दिवसभर वाजायचं आणि काम मात्र चोख व्हायचं.

समुद्र ओलांडून फ्रान्सला उतरण्याआधी, इंग्लंडमध्ये, सगळ्या पलटणीला नवे बूट मिळाले. शेजारच्या कंपनीचा सामान-सार्जंट होबार्ट म्हणजे ढिसाळपणाचा कळस. त्याने लॉरीतून ढीग खाली ओतला, स्वतः पेटीवर बसून बिअर प्यायला, आणि माणसांना म्हणाला, "घ्या रे आपापले. कळत नसेल तर मोठे घ्या. मोठ्यात पाय मावतो, लहानात मावत नाही." बर्लला ते बघवेना. त्याने आपल्या एकशे ऐंशी जणांना एकेक करून बाकावर बसवलं. फौजेच्या पुस्तकात लिहिलं होतं त्याप्रमाणे पायात एक जोड मोजे, पाठीवर पूर्ण ओझं, मग उभं राहायचं. मग बर्ल गुडघ्यावर बसून अंगठ्याने बूट दाबून बघायचा. असं तीन दिवस चाललं. कुणी कुरकुर केली की त्याचं ठरलेलं उत्तर होतं: "नवा बूट चावतोच. पंधरा दिवसांत त्याचे दात पडतात." रांगेतले सगळे हसत. उन्हाळाभर त्या कंपनीत एकाच्याही पायाला फोड आला नाही, आणि बर्ल ते ऐकवायची एकही संधी सोडत नसे.

मग चव्वेचाळीसचा डिसेंबर उजाडला. कंपनी तेव्हा फ्रान्सच्या पूर्वेला, व्होजच्या डोंगरात होती. लढाई संपत आली असं जो तो सांगत होता. रेडिओ सांगत होता, घरची पत्रं सांगत होती, मागच्या गावात उबेला बसलेले अधिकारी तर शपथेवर सांगत होते. जर्मनांना तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. पाऊस, बर्फ, परत पाऊस. माणसं डोंगरउतारावर खड्डे खणून दोन-दोन जण बसत, आणि खड्ड्यात घोट्यापर्यंत पाणी. दिवसा डोकं वर काढलं की गोळी. त्या पाण्यात तीन-चार दिवस पाय राहिले की आधी दुखत, मग दुखायचे थांबत, आणि दुखायचे थांबले की समजावं काम बिघडलं. बूट काढला की पाय सुजून टम्म होई, मग निळा पडे, मग काळा. शिपायांनी त्याला नाव दिलं होतं खंदकपाय.

त्यावर फौजेकडे उपाय होता. रोज संध्याकाळी खड्ड्यातल्या दोघांनी एकमेकांचे बूट काढायचे आणि एकाने दुसऱ्याचे पाय पाच-पाच मिनिटं चोळायचे. ज्याने आयुष्यात बायकोचे पाय कधी चेपले नाहीत, तो ओहायोच्या एखाद्या पोलिसाचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसलेला दिसे. आणि रोज जेवणाच्या डब्यांबरोबर कोरडे मोजे वर जात, ओले खाली येत. इयाकोनो ते एका शेतकऱ्याच्या गोठ्यात उकळून, गाईंच्या अंगावरून दोऱ्या बांधून वाळवायचा. "गाई बिचाऱ्या घरच्या आहेत," तो म्हणायचा, "वास आला तरी बोलत नाहीत." थंडी वाढली तेव्हा वरून हुकूम आला की माणशी दोन जोड मोजे द्या. बर्लने दिले. प्रत्येक पुडक्यात आपल्या हाताने चिठ्ठी घातली: दोन्ही घाला, आळस करू नका.

तीन आठवड्यांत त्याच्या कंपनीतले चाळीस जण पायांपायी मागे गेले. गोळ्यांनी गेले त्याहून जास्त.

"होबार्टकडचे किती गेले, माहीत आहे का?" एका सकाळी इयाकोनो म्हणाला. "नऊ."

"खोटं आहे."

"मी त्यांच्या कंपाउंडरकडून ऐकलं. तोच डोंगर, तोच पाऊस. नऊ."

"मग होबार्टच्या माणसांना पायच नसतील," बर्ल म्हणाला. "अंगठा कुठला आणि टाच कुठली हे ज्याला कळत नाही त्याची माणसं धडधाकट, आणि आपली कुजताहेत. देव झोपलाय की काय?"

त्याने मग आपला सगळा राग मागच्या गावातल्या फौजेच्या कोठाराकडे वळवला, आणि तिथे राग करायला जागाही भरपूर होती. बुटावरून चढवायचे रबरी बाहेरबूट म्हणून एक वस्तू होती. ते असले की चिखलपाणी आत जात नाही. बर्ल तीनदा लॉरी घेऊन मागे गेला. तिन्हीदा कोठारातल्या कारकुनाने सांगितलं की मोठी मापं संपली. तिसऱ्यांदा बर्लने मेजाखाली पाहिलं. मोच्याची नजर आधी पायावर जाते. कारकून लाकडी फरशीवर, शेगडीशेजारी, कोरे करकरीत रबरी बाहेरबूट घालून बसला होता.

"बाळा," बर्ल म्हणाला, "इथे पूर येतो का रे?"

"काय?"

"शाईचा पूर येत असेल. उचल पाय."

त्याने कारकुनाचा पाय धरून मेजावर ठेवला, बाहेरबूट उपसले, शेजारच्या दोघांचेही उपसले, आणि तीन जोड घेऊन परत आला. एकशे ऐंशी माणसांची कंपनी आणि तीन जोड. वर त्याच्या नावे तक्रारीचं पत्र आलं ते वेगळं. ज्यांनी पुढे पाण्यात बसायचं त्यांच्या पायात काही नाही, आणि ज्यांना ओल म्हणजे सांडलेली कॉफी एवढंच माहीत, ते रबर घालून फिरताहेत. हे ऐकून ज्याचं डोकं फिरत नाही त्याला डोकंच नाही असं म्हणायला हवं.

आणि याच लोकांनी नाताळानंतर नवा हुकूम काढला. खंदकपाय हा रोग नाही, ती बेशिस्त आहे. ज्याला खंदकपाय होईल किंवा आधीच झाला असेल त्याने पायांची निगा राखली नाही असं धरलं जाईल. कागदावर शेरा पडेल: स्वतःच्या हलगर्जीपणामुळे. म्हणजे लढाईतून सुटायला स्वतःच्या पायावर गोळी झाडून घेणारा आणि हा, दोघे एकाच माळेचे मणी.

त्या हुकुमाखाली कंपनीतला पहिला सापडला तो ओडेल किट्स. तेवीस वर्षांचा, लाकूडतोड्या, बर्लच्याच तालुक्यातला. मधे एक डोंगर सोडला तर शेजारीच. त्याच्या आईचे चर्चला जायचे जोडे बर्लने शिवलेले. ओडेल कंपनीच्या पुढे वाट शोधत चालायचा, कारण त्याच्याइतका न थकता, न वाजवता चालणारा दुसरा कुणी नव्हता. जानेवारीच्या सुरुवातीला तो एका पुढच्या खड्ड्यात चार दिवस अडकला. दुसऱ्या दिवशी त्याचा जोडीदार मेला. पाचव्या दिवशी ओडेलला पाठुंगळीला मारून खाली आणलं तेव्हा त्याचे बूट चाकूने कापून काढावे लागले.

आठवड्याने कंपनीच्या कप्तानाने बर्लला बोलावलं. फौजेच्या रिवाजाप्रमाणे सगळे कप्तानाला 'म्हातारा' म्हणत. हा म्हातारा पंचवीस वर्षांचा होता आणि बर्लशी बोलताना अजून जरा चाचरायचा.

"किट्सची चौकशी चाललीय," तो म्हणाला. "मागे मेजर व्हिटलॉक आहेत, त्यांना उद्यापर्यंत तुमची सही हवीय. हे बघा. किट्सला योग्य मापाचे बूट दिले होते, कोरडे मोजे दिले होते, निगा कशी राखायची ते शिकवलं होतं. खरं असेल तर सही करा."

"खरंच आहे, साहेब."

"हो. आणि खरं असलं तर दोष किट्सचा ठरतो. बरा झाला तर कोर्टापुढे, नाही झाला तर तो शेरा घेऊन घरी." म्हाताऱ्याने कागद त्याच्यापुढे सरकवला. "माझा जोर चालला असता तर फाडला असता. चालत नाही."

बर्लने कागद खिशात घातला, सही केली नाही. उद्या मीच मेजरकडे नेऊन देतो म्हणाला. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला राग आला होता तो ओडेलचाच. एवढी बडबड केली, एवढे मोजे पाठवले, आणि या दीडशहाण्याने बूट काढून दोन मिनिटं पाय चोळू नयेत? तेही आपल्या गावच्या माणसाने? मेजरच्या कचेरीआधी तो इस्पितळात गेला, ओडेलची चांगली हजेरी घ्यायला.

इस्पितळ एका शाळेत उभारलं होतं. लांब दालन, चाळीस खाटा, आणि चाळीस जोड पाय पांघरुणाबाहेर उघडे. त्या पायांना ऊब सोसत नाही, चादरीचा स्पर्श सोसत नाही, म्हणून खोली मुद्दाम थंड ठेवलेली. माणसं गळ्यापर्यंत कांबळी ओढून पडलेली आणि पाय हवेत. कुणी शेजारून भरभर गेलं तरी हवेच्या झोताने एखादा कळवळायचा. बर्लने आयुष्यात हजारो पाय हातात घेतले होते. तिथे त्याला खाली बघवेना.

ओडेलची बोटं काळी पडली होती, दोन्ही पायांची. बोटांच्या बेचक्यांत कापूस होता.

"बूट का नाही काढलेस रे?" बर्लने नमस्कार-चमत्कार न करता विचारलं.

"काढले असते तर परत गेले नसते, सार्जंट."

"का नसते गेले?"

"आत दोन जोड मोजे होते की. तुमचीच चिठ्ठी होती, दोन्ही घाला म्हणून. पहिल्या दिवशी कसेबसे घातले, पाय सुजल्यावर तर बूट जाम बसला. समोर जर्मन. अनवाणी पळायची वेळ आली असती तर काय केलं असतं?"

"मग एक जोड काढून टाकायचे."

"ते काढायला आधी बूट काढायला लागतो ना."

बर्ल चिडला. उत्तर बरोबर होतं म्हणून जास्तच चिडला. "पाय दाबला जात होता तर आधी तोंड उघडायला काय झालं होतं? मला येऊन सांगायचं."

"सांगितलं होतं."

"कधी?"

"इंग्लंडमध्ये. बाकावर बसवलंत तेव्हा. म्हटलं, सार्जंट, जरा आवळ वाटतोय. तुम्ही म्हणालात, नवा बूट चावतोच, पंधरा दिवसांत त्याचे दात पडतात. सगळे हसले. मीपण हसलो."

बर्लला आठवेना. त्याने तो विनोद एकशे ऐंशी वेळा केला होता. कुणी खरंच काही सांगत होतं की नाही, हे ऐकायला त्याचे कान मोकळे होते कुठे?

"पडले ना पण दात?" त्याने विचारलं. आवाज जरा खाली आला होता.

"पडले की. असा बूट बापजन्मात घातला नव्हता. एका मोज्यावर झकास. दोन मोज्यांवर परत चावायला लागला."

"मग तेव्हा तरी..."

"तेव्हा आईचं पत्र आलं होतं. लिहिलं होतं, स्टँपरच्या हातचा बूट आहे ना, मग तुझ्या पायांची मला काळजी नाही. आता तुमचेच बूट मापात नाहीत असं तुम्हालाच येऊन सांगू?" ओडेल पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघत होता, आणि त्या बघण्यात माया नव्हती. "ओरडायला आलात का, सार्जंट? ओरडा. इथे सगळेच ओरडून जातात. डॉक्टर ओरडले, पाद्री ओरडला, तो मेजर खाटेपाशी उभा राहून पाव तास ओरडला. पाय परवा कापणार आहेत. बोटं सगळी, डावा अर्धा. ते कापोत. पण तो कागद घरी गेला ना, तर गावात म्हणतील किट्सच्या पोराने पळून यायला पाय कुजवले. माझी आई चर्चमध्ये कुठल्या बाकावर बसेल मग?"

बर्ल उठला. दालनात त्याच्या कंपनीतले आणखी चौघे होते. तो एकेकाच्या खाटेपाशी गेला आणि एकच गोष्ट विचारली: दोन मोज्यांवर बूट कसा बसत होता? चौघांनी एकच उत्तर दिलं. मग त्याला होबार्ट आठवला, बिअर पीत पेटीवर बसलेला, मोठे घ्या म्हणणारा. त्या गबाळ्याच्या माणसांच्या बुटांत दोन मोजे मावत होते आणि वर बोटं हलवायला जागाही राहत होती. काम न येणाऱ्याने माणसं वाचवली आणि काम येणाऱ्याने, गुडघ्यावर बसून, तीन दिवस घाम गाळून, एकेका पायाचा गळा आवळून ठेवला. बाहेर पायऱ्यांवर उभं राहून बर्लने स्वतःला ज्या शिव्या घातल्या त्या त्याने कुठल्या गिऱ्हाइकालाही कधी घातल्या नव्हत्या.

तिथेच पायरीवर बसून त्याने कोऱ्या कागदावर जबानी लिहिली. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे एका मोज्यावर बूट बसवले. मग हुकुमाप्रमाणे दोन मोजे दिले, त्यांना एक माप मोठा बूट लागतो. त्याने पाय आवळला, रक्त थांबलं. शिपायांचा दोष नाही. पुस्तक हिवाळ्यासाठी चूक आहे, ते बदला.

मेजर व्हिटलॉकची कचेरी त्याच चौकात होती. आत शेगडी, शेगडीशेजारी टाइपरायटर घेऊन बसलेला कारकून, आणि कारकुनाच्या पायात रबरी बाहेरबूट. बर्लने ते पाहिले आणि दातांवर दात दाबून गप्प राहिला. आज त्याला दुसऱ्या कामासाठी तोंड हवं होतं.

मेजरने जबानी दोनदा वाचली. तो ओरडला नाही. फौजेत येण्याआधी विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायचं काम तो करायचा, आणि कुठला कागद चालतो, कुठला अडकतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"हे मी वर पाठवू?" तो म्हणाला. "पुस्तक चूक आहे म्हणून?"

"आहेच चूक, साहेब."

"असेल. पण पुस्तक चूक म्हणजे ते लिहिणारे चूक, छापणारे चूक, त्यावर सही करणारे जनरल चूक. हा कागद इथून निघेल आणि टेबलाटेबलांवर फिरत राहील. लढाई संपेल तरी फिरत असेल. तोवर किट्सचा शेरा आहे तिथेच."

"मग किट्सने करायचं काय?"

"किट्सचा दोष नाही असं दाखवायचं तर दुसऱ्या कुणाचा तरी दाखवायला हवा. कुणा माणसाचा. पुस्तकाचा नाही." मेजरने पेन्सिल खाली ठेवली. "तू लिही की पुस्तक धुडकावून मी लहान माप दिलं. मला मापाचं काम नीट येत नव्हतं. एवढं असलं तर शेरा आज संध्याकाळी पुसतो. तुझे बाहीवरचे सार्जंटचे पट्टे जातील, रायफल घेऊन पुढे जावं लागेल. नाहीतर तुझ्या कप्तानाने दिलेला तो पहिला कागद आहे, त्यावर सही कर आणि सुखाने परत जा."

"मी पुस्तकाप्रमाणेच दिलं."

"मग दोष किट्सचा."

"मला काम येतं, साहेब. तीन पिढ्या येतंय."

"मग दोष किट्सचा," मेजर परत म्हणाला.

पट्ट्यांचं बर्लला काही नव्हतं; रायफलचंही नव्हतं. पण 'मापाचं काम येत नव्हतं' हे सहीनिशी? कंपनीत त्याच्या तालुक्यातले आणखी दोघे होते, आणि पत्रं दर आठवड्याला घरी जात. गाव तिकडून नावं ठेवणार हे त्याला दिसत होतं, आणि पुढे झालंही तसंच. लढाई संपून परत गेल्यावर दोन वर्षं लोक त्याच्याकडे टाचा ठोकून घ्यायला येत, पण नवा जोडा मापून घ्यायला कुणी पाय पुढे करेना. बापाची पाटी दारावर तशीच होती, तिच्याखालून उठून लोक शहरातल्या तयार बुटांच्या दुकानात जात. ज्याची एका गोष्टीवर मान ताठ असते त्याला तीच गोष्ट गहाण टाकायला सांगायची, याहून नीच मागणी नाही. आणि मागणारा शेगडीशी बसून, नखं साफ करत मागत होता.

"लिहा," बर्ल म्हणाला.

मेजरने कारकुनाकडे बघून मान हलवली. कारकुनाने यंत्रात कागद घातला.

"पण एकट्या किट्सचं नाही," बर्ल म्हणाला. "एक्केचाळीस."

"काय एक्केचाळीस?"

"माझ्या कंपनीतले किट्स धरून एक्केचाळीस गेलेत. बाकीचे तुमच्या टेबलावर यायचेच आहेत, आज ना उद्या. सगळ्यांना मीच चुकीचं माप दिलं. एक्केचाळीस कागद काढा, एक्केचाळीस सह्या करतो."

"एका माणसाने एक्केचाळीस जणांना चुकीचे बूट दिले, हे कोण मानेल?"

"एकाचं तर मानत होतात की आत्ता. गाढवाला काम येत नाही म्हणजे एकदाच येत नाही असं असतं का?"

कोपऱ्यात फायलींची चळत होती, आणि तिच्याकडे मेजरची नजर गेलेली बर्लने पाहिली. एक नालायक सार्जंट आणि अख्खी चळत साफ. वरच्यांनाही हे आवडलं असतं; एका कंपनीचे पाय का गेले याचं सरळ उत्तर. विमेवाल्याने मनात आकडेमोड केली आणि ती त्याला पटली.

"घे त्याच्याकडून नावं," तो कारकुनाला म्हणाला आणि स्वतःच्या कागदांत डोकं घातलं.

बर्लकडे यादी नव्हती. त्याला ती लागतही नव्हती; ते पाय त्याला पाठ होते.

"किट्स, ओडेल," तो म्हणाला. "दिलं साडेनऊ, हवं होतं साडेदहा."

"माप नको. नुसतं नाव सांगा."

"चुकीचं माप दिलं असं लिहितोस ना? मग कुठलं दिलं आणि कुठलं हवं होतं ते नको? नाहीतर उद्या कुणी म्हणेल, सार्जंट थापा मारतोय. टाइप कर."

कारकुनाने केलं.

"ॲबट, रेमंड. दिलं आठ, हवं होतं नऊ. बर्गस्ट्रॉम, नील्स. दिलं अकरा, हवं होतं बारा. कोयल, मार्टिन. दिलं साडेआठ, हवं होतं साडेनऊ."

बाराव्या नावाला कारकुनाची बोटं थांबली. त्याने आधीचे कागद उलटून पाहिले.

"सार्जंट, हे सगळ्यांनाच बरोब्बर एकेक माप मोठं हवं होतं?"

शेगडीपलीकडे मेजरने मान वर केली. बर्ल त्याच्याकडे बघत राहिला, आणि मेजरनेच आधी नजर खाली वळवली.

"गॅरिटी, लू," बर्ल म्हणाला. "दिलं दहा. हवं होतं अकरा."